दादाचा रिसोडचा रविवार

“लढाईचं लिहायचं असन तर दुसऱ्या कोनाले इचार, मले नोको.” दादा हे म्हणाला त्याला वीस वर्षं झाली. तो फौजेतून परतला तेव्हा मी नुकतीच लिहायला लागले होते... घरात एवढी मोठी गोष्ट आहे आणि ती माझीच आहे, असं मी धरून बसले होते.

दादा सीमेवरच्या एका चौकीत स्वयंपाकी होता. पंधरा ऑगस्टला गावातले लोक त्याला हार घालतात आणि किती दुश्मन मारले ते सांगा म्हणतात. तो हार काढून खुर्चीवर ठेवतो आणि घरी येतो. मी तसलं कधी विचारलं नाही, पण बाकी सगळं विचारून पाहिलं. राखी बांधतानासुद्धा...

गेल्या रविवारी मी वाशिमहून माहेरी गेले. दादा रिसोडला गेलेला. महिन्यातून एक रविवार तो जातोच, बाजारात काम असतं, असं मला वाटायचं.

दुपारी आईला चक्कर आली. डॉक्टर येऊन गेले, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण दादा कुठे आहे, असं आई सारखी विचारत होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. शेवटी वहिनीने मला पत्ता सांगितला. कमलाबाईंचं घर, बुद्धविहाराच्या मागे. त्यांचा मुलगा दादाच्याच चौकीत होता, तो परत आला नाही.

म्हणजे वहिनीला सगळं माहीत होतं. रिसोडला जाताना जीपमध्ये आईपेक्षा हेच जास्त डोक्यात होतं... लिहायला लाज वाटते.

दार उघडंच होतं. आत दादा बोलत होता. माझा दादा, न थांबता. कमलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, त्या दिवशी काय खाल्लं होतं त्यानं? उत्तर त्यांना पाठ असणार.

“सकाळी दोन पोळ्या, आलूची भाजी. तिसरी मागत होता. मी म्हनलं, आता संध्याकाळी खाय. संध्याकाळी मी अठरा जनाइच्या पोळ्या मोजून केल्या, मावशी. चौघाइच्या तशाच राह्यल्या.”

आमच्याकडे कणीक भिजवायच्या आधी प्रत्येकाला विचारतात, किती पोळ्या खाशील? दादाला विचारलं की तो उठून अंगणात जायचा. फौजेतून मिजास घेऊन आला, असं आम्ही म्हणायचो. मी तर त्याला चिडवायला मुद्दाम दोनदा विचारायचे.

रडू यायला हवं होतं. ते आलं, पण नंतर. आधी आला तो मत्सर. जिचा मुलगा गेला, त्या बाईचा मत्सर... तिला मिळालं ते मला का नाही?

कमलाबाईंचं लक्ष गेलं. “बहीन व्हय ना तू याची? लिवनारी? काहून उभी राह्यली दारात पोलिसावानी? बस.”

मी आईचं सांगितलं. निघण्याआधी दादा मला पाणी आणायला आत गेला, तेव्हा मी हळूच विचारलं, तुमच्याशी कसा काय बोलतो हा?

“मले माह्या पोराचं इचारायचं राह्यते, बाई. लढाईचं मी कायले इचारू?”

येताना दादा जीपच्या खिडकीतून बाहेर बघत होता. आई आता बरी आहे. माझा मत्सर मात्र गेलेला नाही, थोडा मऊ झालाय इतकंच. कमलाबाईंना विचारून हे लिहितेय. दादाला विचारायचा धीर झाला नाही.

तो फेसबुकवर नाही, पण वहिनी त्याला वाचून दाखवेलच. दादा, पुढच्या महिन्यात रिसोडला मलाही ने. वही आणणार नाही, काही विचारणार नाही, कमलाबाईंच्या शेजारी नुसती बसेन. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे... तरी ने.