डब्यामागं धावणारी घोडी

सोपान माझ्या हाताखाली आला तेव्हा मी दफेदार होतो, म्हणजे पायदळातला हवालदार. आमची पोस्टिंग उत्तरेत, नव्या जनावरांना शिकवायच्या डेपोत होती. फौजेत अजून घोडी-खेचरं आहेत हे सांगितलं की सिव्हिलमधले लोक हसतात. हसा. जिथं तुमची फोर व्हील ड्राइव्ह जात नाही आणि ढगांमुळं हेलिकॉप्टर उतरत नाही, तिथं पीठ, रॉकेल आणि गोळ्या खेचराच्याच पाठीवरून जातात. माझी सगळी नोकरी त्या जनावरांत गेली आणि मला त्याची काडीची लाज नाही.

डेपोतला दिवस ठरलेला असायचा. उजाडायच्या आत स्टेबल. लीद काढणं, खरारा, पाणी, दाणा. मग परेड. सोपान टाकवे बुद्रुकचा, मी कुरवंड्याचा. दोघं मावळातले, त्यामुळं तो मला परेडवरसुद्धा चुकून ‘भाऊ’ म्हणायचा आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापायचो. संध्याकाळी त्याच्याच ताटात जेवायचो.

त्या बॅचमध्ये बिजली नावाचं एक खेचर आलं. पत्रा वाजला की ती उधळायची. दोन जवानांना तिनं मैदानभर फरफटत नेलं. रिसालदार साहेब तिला रिजेक्ट करायच्या बेतात होते. सोपाननं पंधरा दिवस मागून घेतले. त्यानं हातात काठी घेतली नाही. रेशनचा रिकामा डबा दोरीला बांधला आणि तिच्यापुढून तो खडखड ओढत चालायला लागला. तिच्या मागून नाही, पुढून. एवढाच फरक होता. डबा आपल्यापासून लांब पळतोय, म्हणजे तोच आपल्याला भितोय, हे तिच्या डोक्यात शिरलं आणि ती एक एक पाऊल त्याच्या मागं यायला लागली. शेवटी शेवटी तर डब्याला लाथ घालायला मिळावी म्हणून ती सोपानच्या मागं मैदानभर धावायची. साहेब बघायला आले.

“ये क्या सर्कस है?”

“सर्कस ही है साहब. मगर अब भागती नहीं.”

साहेबांनी मिशीतल्या मिशीत हसून बिजलीला पास केलं.

पुढं आमचा खेचरांचा कॉलम सीमेवर गेला. बिजली सोपानकडंच होती. एका दुपारी वरच्या पोस्टवरून जखमी जवान खाली आणायचा होता. रस्ता नव्हता, वाट होती. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. जवानाला बिजलीच्या पाठीवर बांधलं. सोपान पुढं दोर धरून, मी मागं चार खेचरं सोडून. निम्म्या वाटेवर गोळे पडायला लागले. मी रेडिओवर बोललो.

“कॅज्युअल्टी एक. वाटेवर आहे. ओव्हर.”

“आडोसा घ्या. ओव्हर.”

आडोसा होता. मोठा खडक होता, पण माणसापुरता. खेचराला जागा नव्हती. दोर सोड आणि खडकामागं हो, अशी मी ओरडून ऑर्डर दिली. सोपाननं ती ऐकली, माझ्याकडं बघितलं आणि दोर सोडला नाही. पुढचा गोळा जवळ फुटला. मागची खेचरं उधळली, एक दरीत गेलं. बिजली जागची हलली नाही. पाठीवरचा जवान वाचला, आज त्याला दोन मुलं आहेत. सोपानच्या पोटात स्प्लिंटर गेला होता.

मी त्याला घेऊन टाकव्याला आलो. सलामी झाली, बंदुका वाजल्या. सगळं झाल्यावर सोपानच्या वडिलांनी, आबांनी, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “दफेदार, खेचर सोडलं असतं तर माजं पोरगं जगलं असतं ना?” मी म्हटलं, हो. खोटं कसं बोलणार? ते मान हलवून निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी जनावर या विषयावर बोलले नाहीत.

मी रिटायर होऊन कुरवंड्याला आलो तेव्हा सोपानच्या बायकोचा, शोभाचा, फोन आला. सोपाननं एका सुट्टीत एक शिंगरू घेतलं होतं, मैना. आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत चार बैलांच्या पुढं घोडी पळते. स्वार घोडी काढतो आणि बैल तिच्या मागं चढावर सुटतात. त्या चढाच्या धावेला घाट म्हणतात. मैना त्यासाठीच घेतलेली होती. आता ती मोठी झाली होती आणि वेडी झाली होती, असं घरातले म्हणत होते. यंदाच्या यात्रेत धड पळाली तर ठीक, नाहीतर आबा तिला व्यापाऱ्याला देणार होते. व्यापारी लोणावळ्याच्या पॉइंटवर टुरिस्टांना फिरवायला घोडी पुरवायचा. रविवारची ती गर्दी, हॉर्न, किंचाळणारी पोरं आणि वर ही भ्यालेली घोडी. तिथं ती एक सीझन टिकली नसती. शोभा एवढंच म्हणाली, “भाऊ, त्यांची एवढीच एक वस्तू जित्ती हाये. ती मी जाऊ देनार न्हाई.”

मी मोटारसायकल काढली आणि टाकव्याला गेलो. मैना गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. डोळ्याचं पांढरं दिसत होतं. मी खिशातून रुमाल काढला तर तिनं कासरा ताणला. संध्याकाळी सोपानचा धाकटा भाऊ विलास कंपनीतली फर्स्ट शिफ्ट संपवून आला आणि तिला सरावाला बाहेर काढलं, तेव्हा मला रोग कळला. विलास वर बसला आणि त्याच्या दोस्तानं मैनेच्या मागं तेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायला सुरुवात केली. घोडी जी सुटली ती बांध ओलांडून थेट नदीपर्यंत गेली.

ही आमच्या घाटातली जुनी रीत. घोडी भ्याली की पळते, म्हणून तिला भीती घालायची. लोक हौसेनं करतात, घोडीवर जीव टाकणारेसुद्धा करतात. मी मात्र त्या दिवशी तापलो. विलासला म्हटलं, भ्यालेलं जनावर पळतं खरं, पण त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. एक दिवस घाटाच्या टोकाच्या निशाणापुढं गर्दीत घुसेल आणि कुणाचं तरी पोर तुडवेल. विलास वाईट पोरगा नव्हता. शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुमची खेचरं वझं वाहत्यात. हिला पळायचंय. भीती गेली की हिचा पळ बी जाईल.” सगळा घाट हेच मानत होता. मी तरी कशाच्या जोरावर नाही म्हणणार? पळणारं जनावर मी कधी शिकवलंच नव्हतं. पण माघार घेणं माझ्या अंगात नाही.

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते माझ्याकडं न बघता बोलले. “एकानं जनावराशी खेळून जीव घालवला. आता सून खेळनार व्हय?”

“व्हय आबा,” शोभा म्हणाली. “खेळनार.”

भात काढलेलं एक खाचर आम्ही मोकळं करून घेतलं. पहिले काही दिवस वर बसणं बंद, पळवणं बंद. फक्त ढिला दोर आणि जमिनीवरचं काम. शोभा चालली की मैना चालणार, शोभा थांबली की थांबणार. मैना बिचकली तर ओढायचं नाही, ओरडायचं नाही. तिला दोन पावलं मागं जाऊ द्यायचं आणि बघू द्यायचं. घोडी मान खाली टाकते, ओठ चाटते, मोठा श्वास सोडते, तेव्हा समजायचं की गोष्ट तिच्या पोटात उतरली. मग तेवढ्यावरच त्या दिवशीचं काम थांबवायचं. शोभाला हे थांबणंच जड जायचं. जमतंय म्हटलं की तिला अजून एकदा करून बघायची घाई. मी तिला जवानासारखी झापली आणि तिनं ‘व्हय सायेब’ म्हणून मला वेडावून दाखवलं.

मग खेळ. निळी ताडपत्री अंथरून तिच्यावर गूळ ठेवला. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून मैनेच्या पुढ्यात लोटली. शोभा पेंढ्याच्या गंजीमागं लपायची आणि मैना तिला हुडकत यायची, सापडली की तिचा पदर ओढायची. बांधावर बघे जमायचे. दफेदारानं घोडीची बालवाडी काढली, म्हणायचे. मी म्हणायचो, तुमची पोरं पण घाला, जागा आहे. अशात एका संध्याकाळी शोभानं तेलाचा तोच डबा दोरीला बांधला आणि मैनेच्या पुढून ओढत निघाली. मैना थरथरली. थांबली. मग नाक पुढं काढून एक पाऊल टाकलं. बिजलीनं पहिलं पाऊल असंच टाकलं होतं.

महिना गेला. मैना डब्यामागं दौडायला लागली. बैल पुढं आणि ही मागं, असं चालवलं, तर बैलांनाच हाकायला लागली. मग बाजू बदलली, ही पुढं, बैल मागं आणि वर शोभा. आणि नेमकं तेव्हा विलासनं घोळ घातला. पळ शिल्लक आहे का बघावं म्हणून त्यानं आम्ही नसताना मागून डबा बडवला. मैना तारेचं कुंपण घेऊन गेली. छातीवर हातभर जखम. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. शोभानं जखम धुतली, हळद लावली, डॉक्टरला बोलावलं, आणि मैना बरी झाल्यावर पहिल्या दिवसाच्या धड्यापासून पुन्हा सुरू केलं. या वेळी मैनेनं सगळं निम्म्या वेळात उचललं. भीती परत आली होती, पण शोभावरचा विश्वास गेला नव्हता.

यात्रेच्या आदल्या दिवशी विलास अडून बसला. थंड घोडीवर बसून लोकांत हसं करून घ्यायचं नाही म्हणाला. दुसरा स्वार मिळेना. शोभा म्हणाली, “मंग मी बसते.”

ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. दोन कारभारी घरी आले. हल्ली घाटात पोरी घोडीवर बसतात, त्यांना कुणी अडवत नाही, पण त्या लहान पोरी. विधवा बाई यात्रेत, देवाच्या घाटात, हे बरं दिसतं का, असं त्यांचं म्हणणं. आडून आडून बोलत होते. शोभा चहा देत होती. कपबशी त्यांच्या हातात देऊन म्हणाली, “घाटात घोडी पळती. कुकू पळत न्हाई.” चहा पिऊन ते गेले. आबांनी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होतं. हलगी, लाउडस्पीकर, भंडारा, दोन्ही अंगाला माणसांच्या भिंती. शोभानं जुना पंजाबी ड्रेस घातला होता आणि डोक्याला फडकं बांधलं होतं. व्यापारी वर निशाणाजवळ आबांच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. मी दोघांच्या मागं. आमच्या बारीचं, म्हणजे पाळीचं, नाव पुकारलं. लोक हसले, काहींनी शिट्ट्या मारल्या. झेंडा पडला.

मैना सुटली. बरी पळत होती, पण फार काही नाही. शेजारी उभा असलेला विलास माझ्याकडं बघून खांदे उडवायला लागला. आणि निम्म्या घाटात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स वाऱ्यानं सुटला आणि फडफडत धावेवर आला. मैनेच्या बरोबर पुढं. मागून चार बैल. घोडी उलटी फिरली असती तर शोभा बैलांच्या पायाखाली जात होती.

मैनेचे कान पुढं झाले. फ्लेक्स फरफटत पुढं पळत होता आणि मैना त्याच्या मागं लागली. खेळ वाटला तिला. अशी ताणून पळाली की बैलांनी जीव खाऊन पाठलाग केला. निशाणाच्या अलीकडं तिनं पुढाऱ्याच्या तोंडावर चारी पाय ठेवले आणि वर आली. माणसांची झुंबड धावेत उतरली. शोभानं दोर ढिला सोडला, ‘बस’ म्हणाली, आणि मैना त्या सगळ्या गोंगाटात थांबली. आजूबाजूला हलग्या वाजत होत्या. घोडी मान खाली सोडून उभी होती आणि ओठ चाटत होती.

घड्याळाच्या हिशोबात गाडा पहिल्या नंबरात बसला नाही, दुसऱ्यात बसला. विलास धावत जाऊन मैनेच्या गळ्यात पडला. व्यापारी म्हणाला, आता हिचे जास्त देतो. आबांनी त्याला वाटेला लावलं.

मग ते मैनेकडं बघत राहिले. मी शेजारी होतो.

“दफेदार,” ते म्हणाले, “त्या दिशी ते खेचर असंच हुबं व्हतं?”

“व्हय आबा. असंच.”

“सोपानला दिसलं आसंल का? ते हुबं ऱ्हायलं ते?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मी पोचलो तेव्हा सोपान शुद्धीवर होता. बिजलीनं मान खाली त्याच्यापर्यंत आणली होती आणि त्याचा हात तिच्या नाकावर होता. तो मला म्हणाला, भाऊ, बघा, हलली नाही.