गोठ्याच्या वासाची मेणबत्ती

ज्योतीराम मेणबत्त्यांच्या नादाला लागला तो वासापायी नाही, एका डिफेक्टपायी.

झालं असं की खंडेनवमीला कंपनीत मशिनची पूजा झाली आणि मग लकी ड्रॉ निघाला. कोणाला मिक्सर लागला, कोणाला इस्त्री. ज्योतीरामला लागली काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती. चाकणच्या त्या कंपनीत तो अठरा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला होता. त्याच्या हाताखालून न जाता एकही पार्ट गेटबाहेर पडत नसे. शेजारच्या टेबलावरचा रोहिदास म्हणाला, "घ्या ज्योतीभाऊ, लाइट गेल्यावर कामाला येईल."

घरी विजयश्रीने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती हौसेने लावली. तासाभरात मेणबत्तीच्या मधोमध विहीर पडली. कडेचं मेण तसंच उभं राहिलं आणि वात खाली खाली जात स्वतःच्याच मेणात बुडून विझली.

"वास किती छान होता ना?" विजयश्री म्हणाली.

ज्योतीरामला वास आठवतही नव्हता. "अगं, साठ टक्के मटेरियल वाया गेलंय," तो म्हणाला आणि व्हर्निअर आणून वातीची जाडी मोजायला बसला. वात बारीक होती. ग्लासाच्या रुंदीला ती पुरणारच नव्हती. असला माल पास केला कोणी, या विचाराने त्याला रात्रभर झोप लागली नाही.

माणसं छंद धरतात, ज्योतीरामला छंदाने धरलं. कुरिअरने सोया वॅक्सच्या पिशव्या आल्या, पिंपरी कॅम्पातून सुगंधी तेलाच्या बाटल्या आल्या, थर्मामीटर आला, ग्रॅमचा काटा आला. घर पिंपळे गुरवात, शालनबाईंच्या तीन मजली इमारतीत भाड्याचं, दोन खोल्यांचं. तिथे हा पसारा मावेना, म्हणून शालनबाईंनी गच्चीवरची टाकीशेजारची पत्र्याची खोली त्याला वापरायला दिली. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. लोक त्या दिवशी झोपा काढतात, मटण आणतात. ज्योतीराम सकाळी आंघोळ करून खोलीत शिरायचा तो जेवायलाच खाली यायचा.

खोलीला त्याने कंपनीची कळा आणली होती. प्रत्येक मेणबत्तीला बॅच नंबर. प्रत्येक बॅचची वहीत नोंद: मेण किती, तेल किती, कोणत्या तापमानाला ओतलं, किती दिवस मुरवलं. मेणबत्तीही लोणच्यासारखी मुरावी लागते. आठ दिवस झाकून ठेवली तरच वास मेणात बसतो. बिघडलेल्या मालाला लाल चिठ्ठी. मेण वितळवायच्या स्टीलच्या पातेल्यावर पेंट मार्करने लिहिलेलं, "फक्त मेण". एकदा विजयश्रीने त्याच्या ढवळायच्या चमच्याने चहात साखर ढवळली, तर त्याने फ्रिजवर रीतसर तक्रारपत्र चिकटवलं होतं. खाली सही आणि तारीख. ते पत्र तीन महिने तिथेच होतं. आल्यागेल्याने वाचलं.

वासाचं खातं मात्र विजयश्रीकडे. ती हुंगून नावं ठेवायची, म्हणजे चांगल्या अर्थाने. तिच्या सुरेख अक्षरात लेबलं असायची: "लिंबोणी", "मोगरा", "शांत सकाळ".

सगळं सुरळीत चाललेलं असताना एका गुरुवारी शालनबाई गुडघ्यांवर हात देत गच्चीवर आल्या. दम खात दारात उभ्या राहिल्या.

"ज्योतीराम, खोली रिकामी करावी लागतीया बघ. आमच्या प्रीतमला जिम करायचीय हितं. लोखंड उचलायचंय म्हनं."

प्रीतम त्यांचा मुलगा. खालून पाण्याची बाटली उचलून आणायची तरी तो दुसऱ्याला हाक मारायचा. पण घर त्यांचं, खोली त्यांची. ज्योतीरामने पाहुणचार म्हणून मेणबत्त्याच पुढे केल्या.

"मावशी, बघा तरी. ही लॅव्हेंडर."

"साबन हाय."

"ही लिंबोणी."

"ह्यानं फरशी पुसत्यात आमच्यात."

"हा गुलाब."

"मयताला शिंपडत्यात त्यो. लांब कर."

मोगऱ्याला त्या "मंगल कार्यालय" म्हणाल्या. शेवटी उरली बॅच एकेचाळीस, वाळा आणि ओली माती आणि त्यात चिमूटभर धुराचा वास. विजयश्रीने नाव दिलं होतं "शांत सकाळ". ज्योतीरामने ती पेटवली.

शालनबाईंनी हुंगलं. परत हुंगलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करून त्या रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसल्याच.

"गोठा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आमचा गोठा. हितंच व्हता, ह्या बिल्डिंगीच्या जागंला. आठ म्हशी व्हत्या. तू कसा काय आनलास त्यो?"

"शांत सकाळ"चा असा निकाल लागेल असं ज्योतीरामला वाटलं नव्हतं. पण गिऱ्हाईक खूश असेल तर इन्स्पेक्टरने गप्प बसावं, एवढं त्याला कळत होतं. शालनबाई ती मेणबत्ती पदराखाली झाकून खाली घेऊन गेल्या आणि चार दिवसांत जाळून संपवली. पाचव्या दिवशी जिन्यात त्यांनी त्याला गाठलं.

"आनिक एक कर. तश्शीच. गावच्या उत्सवाला वन्सं येनार हायेत तळेगावास्नं."

वन्सं म्हणजे त्यांची नणंद इंदुताई. दर वर्षी उत्सवाला माहेरी यायची, इमारतीच्या दारात उभी राहायची आणि चार लोक ऐकतील असं म्हणायची, "माझ्या बापाचा गोठा व्हता हितं. वैनीनं मोडला." वीस वर्षं शालनबाई हे ऐकत आल्या होत्या.

"ह्या वक्ताला तिच्या नाकाम्होरं गोठाच ठेवते," शालनबाई म्हणाल्या. "वास बराबर आला, तर खोली तुजी. प्रीतमनं लोखंड बाहीर उचलावं. पर वन्संम्होरं माजं हसं झालं, तर दुसऱ्या दिशी कुलूप."

महिना होता हातात. ज्योतीराम निवांत होता. वहीत सगळं लिहिलेलं होतं. त्याने तेच मेण, तेच तेल, तेच तापमान धरून बॅच बेचाळीस ओतली, आठ दिवस मुरवली आणि शालनबाईंना नेऊन दिली.

"ही माती हाय," त्या म्हणाल्या. "गोठा न्हाई."

त्रेचाळीसही ओतली. पुन्हा आठ दिवस. पुन्हा माती.

आता मात्र ज्योतीरामने भिंतीवर मोठा कागद लावला आणि माशाच्या सांगाड्यासारखा चार्ट काढला. कंपनीत रिजेक्शन वाढलं की असाच काढतात. एकेक काटा म्हणजे एकेक संशयित. मेण? त्याच पिशवीतलं. तेल? त्याच बाटल्या. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासला, बरोबर. ग्रॅमच्या काट्यावर पाव किलोचं वजन ठेवलं, बरोबर. वात मोजली. पाणी तपासलं, खरं तर मेणबत्तीत पाणी नसतंच. जेवताना, उठताना, दात घासताना एकच प्रश्न: का? त्याचं उत्तर मिळालं की पुन्हा, का?

विजयश्री एरवी दिवसभर बोलायची. त्या आठवड्यात ती फार शांत होती. तो पातेलं उजेडात धरून बघत बसला, तेव्हा तेवढं म्हणाली, "भांड्यात तोंड घालून काय करलालाव ओ?" आणि उत्तराची वाट न बघता खाली गेली. धाराशिवकडची तिची बोली ती घाबरली की हटकून बाहेर यायची. हे ज्योतीरामला बारा वर्षांच्या संसारात माहीत झालं होतं. पण चार्टवर बोलीचा काटा नव्हता.

उत्सवाला बारा दिवस राहिले तेव्हा त्याने चार्टवरच्या शेवटच्या काट्यासमोर, जिथे "माणूस" लिहिलेलं असतं तिथे, स्वतःचं नाव घातलं. बाकी सगळं बरोबर असेल तर चूक आपलीच. त्याने एक खोकं आणलं आणि थर्मामीटर वर्तमानपत्रात गुंडाळायला लागला. कुलूप लागण्याआधी आपणच सामान काढलेलं बरं.

विजयश्री चहा घेऊन वर आली. तिने खोकं बघितलं. सुगंधी तेलाच्या बाटल्या तो एकेक पुसून, झाकण घट्ट करून, लहान मुलाला शाळेत पाठवावं तशा खोक्यात ठेवत होता. तिने चहा खाली ठेवला.

"अहो, रागवायचं नाही. आणि फ्रिजवर काही चिकटवायचं नाही. आधी कबूल करा."

"काय झालं?"

"कबूल करा."

"केलं."

"एकेचाळीसच्या आदल्या दिवशी तुमच्या पातेल्यात मी तूप कढवलं."

ज्योतीराम हातातल्या बाटलीसकट उभा राहिला.

"आपलं पातेलं शेजारची दिव्या घेऊन गेलेली. लोणी चार दिवस बाहेर राहून आंबायला लागलं होतं, टाकवेना. कढवायला घेतलं आणि फोन आला. करपलं जरा. घासलं मी, देवाशप्पथ घासलं. पण तळाची बेरी काही पुरती निघाली नाही." ती एका दमात बोलत होती. "तुम्ही त्यात मेण टाकलंत, तेव्हा सांगणार होते. पण ते चमच्याचं पत्र आठवलं."

ज्योतीरामने बाटली खाली ठेवली आणि मनातल्या मनात बेरीज केली. आंबलेलं लोणी, करपलेलं दूध, त्यात माती, वाळा आणि धूर. म्हणजे गोठ्यात होतं ते सगळं होतं, फक्त वहीत म्हैस नव्हती.

"किती ग्रॅम?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"बेरी. तळाला किती ग्रॅम राहिली होती?"

"अहो, मी घासत होते का मोजत होते?"

"अंदाजे सांग. चमचाभर? अर्धा?"

विजयश्रीने कपाळाला हात लावला आणि मग दोघं हसायला लागली ती चहावर साय धरेपर्यंत. त्याच संध्याकाळी दूधवाल्याकडून ताजं लोणी आलं आणि ज्योतीरामने ते ओट्यावर काढून ठेवून वर चिठ्ठी लावली: "आंबत आहे. हात लावू नये." चार दिवस लोणी, आठ दिवस मुरवणं. बारा दिवसांचा हिशेब चपखल बसत होता. चौथ्या दिवशी तो विजयश्रीच्या मागे उभा राहून म्हणत होता, "करपव. अजून करपव. त्या दिवशी फोन किती वेळ चालला होता?"

"आईचा फोन होता. पंचवीस मिनिटं तरी."

"मग लाव त्यांना फोन."

तिने खरंच लावला. वहीत नोंद झाली: सासूबाई, पंचवीस मिनिटं.

उत्सवाच्या दिवशी इंदुताई कासारवाडीला लोकलने उतरल्या आणि रिक्षाने आल्या. दारात उभ्या राहून त्या तोंड उघडणार, तोच शालनबाई म्हणाल्या, "वन्सं, आधी आत चला. मंग बोला काय बोलायचं त्ये."

हॉलमध्ये टीपॉयवर बॅच चव्वेचाळीस जळत होती. खिडक्या सकाळपासून बंद होत्या. ज्योतीराम आणि विजयश्री दाराशी, कंपनीत कस्टमरचं ऑडिट असावं तसे हात बांधून उभे. प्रीतमने नाकाला रुमाल लावला होता.

इंदुताई खुर्चीत बसल्या. त्यांनी डोळे मिटले. एक श्वास घेतला, दुसरा घेतला.

"गोठा हाय," त्या म्हणाल्या.

शालनबाईंनी विजयी मुद्रेने ज्योतीरामकडे बघितलं.

"पर आपला न्हाई. ह्यो चिमाजी तात्याचा गोठा. खालच्या आळीचा."

"काय बोलताय वन्सं!" शालनबाई ताडकन उठल्या. "चिमाजी तात्याच्या म्हशींला कडबा तरी दिसत व्हता का? शेन कुनी काढलं हितलं? म्या का तुमी?"

"तू काढलंस ते सासरी आल्यावर. म्या जन्मले तवापासनं हुंगतीया. आपल्या गोठ्यात पेंडीचा वास व्हता, शेंगदान्याच्या. ह्यात हाय का पेंड?"

शालनबाईंनी वाकून मेणबत्ती पुन्हा हुंगली. मग अगदी हळू म्हणाल्या, "पेंड न्हाई, ही गोष्ट खरी."

"आन धूर जास्ती झालाय. आपल्यात शेकोटी दाराबाहीर आसायची."

"त्येबी खरं."

ज्योतीरामचा चेहरा उतरला. बॅच नापास. त्याला आता नुसतं कुलूप दिसत होतं. तो काही बोलायच्या आत विजयश्रीने पर्समधून पेन आणि कोरी लेबलं काढली आणि लिहायला सुरुवात केली. "पेंड शेंगदाण्याचीच ना आत्याबाई? ओली का सुकी?"

"भिजवल्याली," इंदुताई म्हणाल्या. "आन वाईच गूळ."

"गूळ कशाला?" शालनबाई म्हणाल्या. "गूळ फकस्त व्यालेल्या म्हशीला."

"मंग आपल्यात एक तरी व्यालेली नसायची का कायम?"

अर्धा तास हे चाललं. विजयश्रीची तीन लेबलं भरली. प्रीतमने हळूच विचारलं, "आई, खोलीचं काय मग? मला डंबेल ठेवायचेत."

"पलंगाखाली ठेव," शालनबाई म्हणाल्या. "ज्योतीराम, खोली ऱ्हाऊ दे तुज्याकडं. वन्संला पटंस्तवर."

विजयश्रीने मान खाली घातली, कारण तिला हसू आवरेना. वन्संला एखादी गोष्ट पटली, असं पिंपळे गुरवात आजवर कोणी ऐकलेलं नव्हतं. ज्योतीरामच्या ते जरा उशिरा लक्षात आलं. मग त्याने घाईघाईने विचारलं, "गूळ किती ग्रॅम धरू?"

इंदुताई निघताना टीपॉयपाशी थांबल्या. वाटी उपडी घालून त्यांनी मेणबत्ती मालवली, ती निवेपर्यंत उभ्या राहिल्या आणि पिशवीचं तोंड उघडून ज्योतीरामसमोर धरलं.

"चुकीचीच हाय," त्या म्हणाल्या. "पर टाक. घरी नीट बगते."