नामदेवराव टायरवाले

वाटूर फाट्यावरचे नामदेवराव टायरवाले गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या चपलांकडे बघत. चपलांना कसली माती लागली आहे त्यावरून माणूस कुठल्या वाटेने फिरतो हे त्यांना कळे, आणि मगच ते टायर काढत. "गाडी पाहून टायर घेत न्हाईत साहेब, वाट पाहून घेतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी तेव्हा जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत होतो. आमची माणसं मोटारसायकलवरून मंठा-परतूर भागातले बीजप्लॉट बघत हिंडायची. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी ठासून बसे की चाक फिरेनासं होई. नामदेवरावांनी आमच्या गाड्यांना मागे मोठ्या बटणांची टायरं घातली, पुढे रेघांची, आणि मडगार्डं दोन बोटं वर उचलून दिली. म्हणायचे, "मागचं टायर गाडी ढकलतं, पुढचं जीव सांभाळतं. मागं तडजोड करा, पुढं बिलकुल न्हाई." त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मी कंपनीत घेतलं, त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

पुढे एका वर्षी वरून हुकूम आला, सगळ्या गाड्यांना रिमोल्ड टायर लावा. म्हणजे जुन्याच टायरवर रबराचा नवा पट्टा चिकटवलेलं. मी माल घेऊन गेलो. नामदेवरावांनी जोडावर नख दाबून पाहिलं.

"मागं लावतो. पुढं लावणार न्हाई."

"ऑफिसचा हुकूम आहे, नामदेवराव."

"मंग ऑफिसलाच लावा."

मला राग आला. गाड्या मी जालन्यात दुसऱ्याकडे नेल्या.

त्याच पावसाळ्यात मंठ्याच्या अलीकडे विठ्ठलच्या पुढच्या टायरचा पट्टा सुटला आणि चाकात गुंतला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आमच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "अपघाताच्या अहवालात टायरबद्दल लिहाल, तर ती टायरं बसवून घेतल्याची सही तुमची आहे." मी अहवालात लिहिलं : चालक वेगात होता. विठ्ठलला भरपाई मिळाली नाही, नोकरीही गेली.

नामदेवराव एकदाच ऑफिसात आले. पोत्यात गुंडाळलेला तो पट्टा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "तुम्ही काय लिहिलं ते कळलं मला. विठ्ठलला वेगात कधी पाह्यलं तुम्ही?"

महिन्याभराने माफी मागायला मी दुकानात गेलो. ते टायर सोडवत होते. "मला कशाला सांगून राह्यले? विठ्ठल घरी हाय. त्याला सांगा." एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. मी त्या घरी गेलो नाही. फाटा आला की दुसरीकडे बघायचो.

चार वर्षांनी नामदेवराव छातीत कळ येऊन गेले. दहाव्याला मात्र गेलो. विठ्ठल अंगणात बाजेवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, घरात चहा सांगितला.

"दादा रोज विचारायचा, साहेब आल्ते का म्हणून," तो म्हणाला. "मी न्हाई म्हणलो की जेवण सोडून उठायचा. शेवटी मी खोटंच सांगितलं, आल्ते म्हणून. लई बरं वाटलं त्याला."

मग त्याने चहाची बशी माझ्याकडे सरकवली.