अर्धा टॉवेल

आमच्या घरात एक रीत आहे. गावाला जाताना माग रिकामा ठेवायचा नाही. अर्धं विणलेलं कापड तसंच मागावर सोडायचं, म्हणजे माणूस ते पुरं करायला परत येतं. सासरे मूळचे तेलंगणातले विणकर, ते हे तेलुगूत सांगायचे, मी मराठीत पाळत आले. चार मागांतले तीन भंगारात गेले, उरलेला एक मीच चालवत होते. लेकाकडं जर्मनीला निघालो त्या सकाळी मी त्यावर टॉवेल अर्धा ठेवला आणि बटण बंद केलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं त्यावर जुनं धोतर टाकलं. आल्यावर पुरा कर, म्हणाले.

तिकडं लेकानं आम्हाला नदीत बोटीनं फिरायला नेलं. खोटं कशाला बोलू, लई आवडलं मला. वरच्या मजल्यावर खुर्च्या, गुडघ्यांवर घ्यायला पांघरुणं, दोन्ही काठांच्या डोंगरांवर किल्ले आणि खाली उतारभर द्राक्षाचे मळे. बोटीला कसली घाई म्हणून नव्हती. मी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, तर लेकानं चक्क मागून खाल्ली. एरवी चारचौघांत मी डबा उघडला की त्याचं तोंड वाकडं होतं. हे तर सारखे विचारत होते, थंडी वाजते का, चहा आणू का. उभ्या संसारात ज्या माणसानं मला कपभर चहा आणून दिला नाही, तो चहाला उठतोय म्हटल्यावर मला तिथंच कळायला पाहिजे होतं. पण मी बावळट, खूश होऊन बसले.

एका किल्ल्याचा फोटो मी आमच्याकडं मागाच्या कांड्यांवर सूत भरायला येणाऱ्या बाईला पाठवला. तिचा आवाजातला निरोप लगेच आला. मी फोन कानाला लावला.

"काकू, फोटो झ्याक हाय. तुमचा माग सकाळीच टेम्पोतनं गेला. खोली लई मोकळी दिसतीया. तुमाला सांगितलं असंल की त्यांनी."

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. निरोप मी पुन्हा लावला, आता मोठ्यानं, दोघांच्या मध्ये धरून. लेकानं मान खाली घातली. हे किल्ला बघत राहिले, आणि किल्ला तर केव्हाच मागं पडला होता.

मागावरच्या कापडाचं काय केलं, मी विचारलं.

"कापून ठेवायला सांगितलंय," हे म्हणाले. मग हळूच, "तू समोर असतीस तर होऊ दिलं नसतंस."

"म्हणून आणलं व्हय मला हितं?"

लेक मध्ये पडला. तुझे गुडघे, डॉक्टर काय म्हणाले, आता आराम कर, सगळं पाठ करून आल्यासारखं. अहो, गुडघे माझे, माग माझा, आणि ठरवणारे हे दोघं! कडाकडा भांडून तिथून निघून जावं म्हटलं, तर जाणार कुठं? चारी बाजूंनी पाणी. मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. माझ्याच माणसांनी माझा केसानं गळा कापला, तोही द्राक्षाचे मळे दाखवत.

सोलापूरला परत आलो, तर ते कापड घडी घालून पलंगावर ठेवलेलं. एका टोकाला किनार, दुसऱ्या टोकाला दोरे लोंबत होते. मी ते शिवलं नाही. न्हाणीच्या दाराशी अडकवून ठेवलंय. आंघोळ झाली की हे आतून टॉवेल मागतात, मी तोच देते. धड कमरेला पुरत नाही. त्यांनी अजून दुसरा मागितलेला नाही.