अननसाचा पहिला तुकडा

आमच्या शिक्षकखोलीत अननस कापला, की पहिला तुकडा कुणी तोंडात टाकायचा नाही. तो पळसाच्या पानावर खिडकीत ठेवायचा, आत्रामबाई हात जोडून "तुपी लोकायले जोहार" म्हणायच्या आणि मग बाकीच्यांनी खायचं. नवा शिक्षक हमखास विचारायचा, "हे तुपी कोण? तालुक्याला नवे साहेब आले का?"

बाई एटापल्लीकडच्या माडिया आदिवासी. आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या आणि मी मराठी. दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे. इतर शिक्षक तो दोन-चार तासिकांत उरकतात. बाई तिथं मुक्कामच ठोकायच्या. तिथल्या किनाऱ्यावर तुपी लोक राहायचे. पोर्तुगीज आले, त्यांनी त्यांची फळं उचलली आणि फळांबरोबर नावंही उचलली. अननस हा शब्द मुळात तुपींचा, काजूही त्यांचाच. "थेच पोर्तुगीज मंग गोव्यात उतरले, आन् आपण म्हणतो काजू कोकणचा!" असं म्हणून बाई वर्गाकडे डोळे वटारून बघायच्या, काजू पोरांनीच चोरल्यासारखं.

पहिल्या तुकड्याची रीत मात्र त्यांच्या गावची. माडिया गावात नवं फळ, नवं धान्य पंडुम केल्याशिवाय खात नाहीत. पंडुम म्हणजे सण. आधी देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. आंबे झाडाखाली सडले तरी चालतील, पण पंडुमआधी हात लावायचा नाही. "आंब्याचे धनी आमचे पूर्वज," बाई म्हणायच्या. "अननसाचे धनी कोण? ज्यायनं त्याले नाव देल्लं थे. मंग त्यायले इचारल्याबिगर कसं खाव?" मला हा तर्क कधी पटला नाही. पण अननस बाईच आणायच्या, त्यामुळे वाद घालण्यात काही अर्थ नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा नागपुरात नोकरीला. त्याच्या घरात सगळे मराठीच बोलायचे. नातीनं माडिया बोलावं एवढीच बाईंची इच्छा होती, आणि ती पुरी होण्याचं काही लक्षण दिसत नव्हतं. एका उन्हाळ्यात तो घरी आलेला असताना मी तिथं होतो. बाईंनी विषय काढला, तसा तो शांतपणे म्हणाला, "आई, मी लहान होतो तवा तूच म्हणे ना, घरी मराठी बोल, नाई तं वर्गात पोट्टे हासतीन. गावातल्या बायायलेही तूच सांगत फिरे."

तो म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी घरोघर जाऊन हेच सांगितलं होतं.

तो गेल्यावर मी समजूत काढायला गेलो. म्हटलं, "बाई, तुमच्या तुपींचंच बघा. किनाऱ्यावरची ती जुनी भाषा आता कुणी बोलत नाही, पण शब्द आपल्या बाजारापर्यंत आलेच ना? माडियाचेही राहतील थोडे."

बाई अशा भडकल्या की काय सांगू! "वा सर! तुमची भाषा जिती ठेवा, आन् आमचे दोन शब्द बजारात इका! आन् तुपीची भाषा पुरी नाई गेली. तिची एक लेकभाषा आतल्या जंगलात अजून बोलून राह्यले लोकं. काऊन? कोणीतरी लेकरासंग बोलत राह्यलं म्हणून. मले शब्द नाई ठेवाचे. मले बोलणारी ठेवाची आहे!"

मी चहा अर्धाच टाकून निघालो. दुसऱ्या दिवशी बाईच म्हणाल्या, "रागावले का, भाऊ? या, अननस कापतो."

त्यानंतर रोज संध्याकाळी नातीला फोन करायचा त्यांनी सपाटाच लावला. रेंजसाठी पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहून, हातवारे करत, फक्त माडियात बोलायच्या. पलीकडून नुसतं 'हं' ऐकू यायचं. मी चिडवायचो, "बाई, ती टीव्ही बघत असेल."

"पाहू द्या ना. कान तं उघडे आहेत तिचे."

गेल्या वर्षी बाई गेल्या. ताप अंगावर काढला, गडचिरोलीला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मला त्यांचं जाणं फार लागलं. सगळे विधी आटोपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बाजारातून अननस घेतला.

मुलानं तो कापला. कुणी न सांगता अंगणात पळसाचं पान मांडलं, त्यावर पहिला तुकडा ठेवला, हात जोडले आणि माडियात काहीतरी म्हणायला लागला. अर्ध्यावरच अडला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलीनं पुढचं फडाफडा म्हणून टाकलं. मग कमरेवर हात ठेवून बापाला माडियातच काहीतरी सुनावलं, थेट बाईंच्या सुरात.

तो मराठीत उत्तर द्यायला गेला, थांबला, आणि चाचपडत माडियात बोलला. तिनं पुन्हा सुनावलं. त्यानं पुन्हा उत्तर दिलं. दोघंही रडत होते, पण बोलणं काही थांबेना.

मी, मराठीचा मास्तर, पायरीवर बसून ऐकत होतो. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि काही न कळण्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.