सेंटरची पोस्ट

केंद्र सरकारात माझी कधीही निवड झालेली नाही, पण त्या निवडीचे पेढे गाझियाबादेतल्या बहुतेक मराठी घरांनी खाल्ले आहेत.

चूक माझी नाही, हे आधीच सांगते. मी सहा फुटांहून उंच आहे आणि बास्केटबॉल खेळते. बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला सेंटर म्हणतात आणि तिच्या त्या जागेला पोस्ट. माझे बाबा मात्र जन्मभर दिल्लीच्या एका मंत्रालयात फायली पुढे सरकवत आले आहेत (पुढे म्हणजे शेजारच्या टेबलावर). त्यांच्या लेखी सेंटर म्हणजे केंद्र सरकार, आणि पोस्ट म्हणजे माणूस एकदा चिकटला की निवृत्तीलाच सुटतो ती. कॉलेज संपल्यावर त्यांनी मला बजावलं होतं, "वर्षभर खेळ. तेवढ्यात नोकरी लागली नाही, तर बॉल माळ्यावर आणि तू परीक्षेला."

वर्ष संपत आलं आणि एका व्यावसायिक संघाने मला घेतलं. मी मैदानातूनच फोन केला.

"बाबा, सिलेक्शन झालं! सेंटर! सर म्हणाले, पोस्ट तूच सांभाळायची."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग बाबा, "पर्मनंट?"

"सध्या कॉन्ट्रॅक्ट आहे."

"होशील, पर्मनंट होशील. आमचा निम्मा सेक्शन तसाच लागलाय."

बाबांनी अखेर माझा खेळ मान्य केला, या आनंदात मी तिथेच रडून घेतलं.

पुढच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली, काला अंबच्या मराठ्यांच्या युद्धस्मारकाला नमस्कार करायला. मी शेवटच्या सीटवर गुडघे कानाशी घेऊन बसले होते. एवढ्यात मंडळाचे अध्यक्ष देवधरकाका माइक घेऊन उभे राहिले.

"मंडळी, आपल्या मुग्धाची केंद्र सरकारात निवड झाली आहे!"

टाळ्या. बाबा पेढ्यांचा खोका घेऊन सीटमागून सीट फिरू लागले. घरोघरचे पेढे आदल्या दिवशीच वाटून झाले होते म्हणे, हे उरलेल्यांसाठी!

"अच्छा, मंत्रालय कुठलं गं?" पुढच्या सीटवरच्या काकूंनी विचारलं. "आणि क्वार्टर मागून घे हं, लग्नाला बरं पडतं."

आईने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू ह्यांना नक्की काय सांगितलंस?"

गप्प राहणं सोपं होतं. बाबा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. पण मला पेढा भरवताना ते मायेने म्हणाले, "झालं ना आता? ते बॉलचं खूळ सोड. हवं तर रविवारी खेळ."

खूळ! मी ताडकन उभी राहिले. डोकं छतावर असं आदळलं की ड्रायव्हर ओरडला, "मैडम, छत मत तोड़ो!"

मी माइक ओढून घेतला. "मी सरकारी नोकरीत नाही. सेंटर ही माझी मैदानावरची जागा आहे. मी कुठल्याही परीक्षेला बसणार नाही, मी खेळणार. शनिवारी दिल्लीत पहिली मॅच आहे. या, बघा आणि मग बोला."

पानिपत अजून लांब होतं, पण आमच्या घराचं बसमध्येच झालं.

"मग हा पेढा कशाचा?" देवधरकाकांनी भरल्या तोंडाने विचारलं.

"बास्केटबॉलचा. गिळा," मी म्हणाले.

परतताना बाबा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी शब्द मागे घेतला नाही.

शनिवारी अख्खं मंडळ त्याच बसने आलं. बाबाही आले. मला त्यांना इतकं काही दाखवून द्यायचं होतं, की मी बॉल सोडून माणसंच अडवायला लागले. पहिला फाउल धक्क्याचा, दुसरा कोपराचा. तिसऱ्या वेळी समोरची सेंटर आणि मी, दोघी थेट देवधरकाकांच्या मांडीवर! पाच फाउल झाले की खेळाडू बाद होतो. हा पराक्रम मी हाफटाइमच्या आतच पूर्ण केला आणि संघाच्या रांगेतल्या खुर्चीत येऊन बसले.

"सस्पेंड झाली का हो?" मागून काकांचा आवाज आला.

बाबा माझ्या खुर्चीपाशी आले. "आता पुन्हा कधी खेळायचं?"

"पुढच्या मॅचला."

"तोवर?"

"इथे बसायचं."

"पगार कापतात?"

"नाही. पण मी परीक्षेला बसणार नाही, बाबा. आत्ताच सांगून ठेवते."

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. माझी खुर्ची पाहिली, खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल पाहिला, हातातली पाण्याची बाटली पाहिली. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला आणि ते मागे वळून म्हणाले, "देवधर, पेढे वाया गेले नाहीत. सरकारीच आहे!"

मी टॉवेल सारखा केला आणि चहाची वाट बघत बसले.