भिंतीपलीकडचं मत

शेजारच्या काकूंचा आणि माझा टीव्ही एकाच भिंतीला पाठ लावून असायचे. दोन्हीकडे तीच मालिका, आणि काकूंची मतं ऐकायला मी माझ्या टीव्हीचा आवाज बंद करायचे. "झोपताना एवढे दागिने? टोचत नाहीत का हिला?" नायक रडला की म्हणायच्या, "ह्याला आधी जेवायला घाला." मला स्वतःचं मत असं कधी लागलंच नाही. भुताच्या सिनेमांवर तर त्यांचा विशेष राग. "भूत आहे ना, मग दार कशाला वाजवतंय? सरळ यावं की आत."

काकू वारल्या. पलीकडे आता कुलूप आहे.

आज दुपारी तसलाच एक सिनेमा लागला होता. पडद्यावर दार वाजलं आणि सवयीने मी आवाज बंद केला. भिंत गप्प होती. बराच वेळ ऐकत राहिले, मग हळूच म्हटलं, "या की सरळ, काकू."